विमानाने जाणारी भेंडी आणि घरी येणारी पट्टी

प्रश्न : मी ऐरोलीत राहते. सहा महिन्यांपूर्वी नोकरीतून निवृत्त झाले. सासरची शेती मुरबाड तालुक्यात आहे आणि ती धाकटे दीर पाहतात. भातकापणीनंतर अडीच एकरांत ते भेंडी लावतात आणि माल कल्याणच्या बाजारात पाठवतात. यंदा एका निर्यातदाराचा माणूस घरी येऊन गेला. हंगामभर किलोला ४० रुपये देतो म्हणाला; कल्याणला सरासरी २८ पडतात. पुतण्याचे म्हणणे वेगळेच आहे. माल दुसऱ्याला कशाला द्यायचा, काकूने फंडातले १५ लाख घालावेत आणि आपणच दुबईला पाठवावा, असे तो म्हणतो. शेतमालाची निर्यात वाढल्याच्या बातम्या मी नेहमी वाचते, पण दिरांच्या हातात गेल्या दहा वर्षांत फारसे वेगळे काही आलेले दिसत नाही. निर्यात वाढते तेव्हा शेतकऱ्याला नेमके काय मिळते? आणि मी काय करावे?
– एक वाचक, ऐरोली

ताई, सप्रेम नमस्कार.

लागवडीचे दिवस जवळ आले असतील, म्हणून निर्णयाचे आधी सांगतो. दिरांनी निर्यातदाराला माल जरूर द्यावा, पण पहिल्या वर्षी अडीचपैकी एका एकराचाच द्यावा आणि तोही लेखी करारावर. तुमच्या १५ लाखांना मात्र या हंगामात कोणी हात लावू नये. असे का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण तुमचा मूळ प्रश्न फंडाच्या प्रश्नाहून मोठा आहे, आणि त्याचे उत्तर हाताशी नसेल तर पुतण्याला नाही म्हणणे तुम्हाला जड जाईल.

बातम्यांतल्या आकड्यांपासून सुरुवात करू. २०२२-२३ मध्ये देशाची कृषी निर्यात सुमारे ५३ अब्ज डॉलरची झाली, पुढच्या वर्षी ती ४९ अब्जांच्या आसपास उतरली आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा ५२ अब्जांच्या जवळ गेली. हा आकडा कशाचा बनलेला असतो ते पाहिले की तुमचा निम्मा गोंधळ दूर होईल. २०२४-२५ मध्ये त्यात एकट्या तांदळाचे १२ अब्जांहून अधिक होते, कोळंबी धरून समुद्री उत्पादनांचे ७ अब्जांहून अधिक, आणि मसाले व म्हशीचे मांस यांचे प्रत्येकी ४ अब्जांहून अधिक. ताजी भाजी या राशीच्या अगदी कडेला असते, आणि भेंडी त्या कडेचाही एक लहानसा तुकडा आहे. पंजाब-हरियाणातला बासमती किंवा आंध्रातली कोळंबी जास्त गेली म्हणून मुरबाडला येणाऱ्या पट्टीत, म्हणजे बाजारातून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबात, फरक पडावा, असे कोणतेही कारण नाही.

शिवाय हे आकडे रकमेचे असतात, वजनाचे नव्हेत. त्याच वर्षी भारताची कॉफी निर्यात १.८ अब्ज डॉलरवर पोहोचली, पण त्यामागे आपले पीक फार वाढले असे नव्हते. ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये उत्पादन घटल्याने जगभर कॉफीचे भाव चढले होते. कोडगूच्या मळेवाल्यांना त्याचा खरोखर लाभ झाला, पण तो दुसऱ्याच्या दुष्काळातून आलेला लाभ होता आणि तसा तो दर वर्षी येत नाही. तेव्हा निर्यात वाढल्याची बातमी वाचाल तेव्हा आधी कशाची वाढली ते पाहावे, मग टन वाढले की डॉलर, ते पाहावे.

आता निर्यातीतून शेतकऱ्याला काय मिळते ते पाहू. माझ्या मते त्याला दोन वाटांनी लाभ होतो, आणि त्यांतली मोठी वाट अशी आहे की ज्याचा माल कधी देशाबाहेर जातच नाही, त्यालाही ती उपयोगी पडते. कांद्याचे उदाहरण घ्या. जास्तीचा कांदा बाहेर गेला की लासलगावचा भाव टिकतो, आणि निर्यात न करणाऱ्या शेतकऱ्यालाही तोच भाव मिळतो. उलट दार बंद झाले की सगळ्यांचाच भाव पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत (तिच्याखाली माल बाहेर पाठवता येत नाही) आली आणि ८ डिसेंबरला सरळ बंदीच आली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. ते पूर्णपणे रद्द व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या खेळात २०२२-२३ मधली सुमारे २५ लाख टनांची निर्यात पुढच्या वर्षी १७ लाख टनांवर आली. त्या काळात ऐरोलीच्या भाजीबाजारात कांदा आवाक्यात राहिला म्हणून तुम्हाआम्हाला बरे वाटले असेल, पण त्या स्वस्ताईचा एक भाग नाशिक-नगरच्या शेतकऱ्याने आपल्या खिशातून भरला होता. शहरात राहून शेतीवर लिहिणाऱ्याने हे मान्य करायला हवे, म्हणून लिहिले.

भेंडीला हा मोठा लाभ मिळत नाही. तिच्यावर सरकार बंदी घालत नाही हे खरे, पण एकूण पिकातली फारच थोडी भेंडी बाहेर जाते, त्यामुळे तिच्या निर्यातीने कल्याणचा भाव हलत नाही. मग उरते दुसरी वाट, म्हणजे ज्याचा माल प्रत्यक्ष निर्यातीला जातो त्याला मिळणारा वरचा भाव. दिरांपुढे आलेला प्रस्ताव या वाटेचा आहे. ही वाट खरी आहे, पण अरुंद आहे, आणि तिच्यावर चालताना बाजारभावापेक्षा वेगळ्याच गोष्टी मोजाव्या लागतात.

सर्वांत आधी ४० आणि २८ हे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवू नयेत. २८ रुपये कल्याणच्या सगळ्या मालाला मिळतात, तर ४० रुपये फक्त निवडलेल्या मालाला. निर्यातीची भेंडी कोवळी, सरळ, हिरवीगार आणि साधारण तीन-चार इंचांची लागते. एक दिवस तोडा चुकला की ती जून होते. समजा, १०० किलोच्या तोड्यातून निर्यातदाराने ६० किलो घेतली, तर तिचे ४० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये झाले. उरलेली ४० किलो बाद ठरून दुपारनंतर कल्याणला पोहोचणार, म्हणून तिला १५ रुपयांच्या वर भाव धरू नये. तिचे ६०० झाले. एकूण ३,०००, म्हणजे सरासरी ३० रुपये. रोजचा तोडा, निवडायला बसणारी माणसे, क्रेट आणि औषधांतला फरक असा जादा खर्च किलोमागे चार रुपये धरला, तर हातात २६ उरतात आणि कल्याणच बरे ठरते. याच हिशेबात ७५ किलो स्वीकारली गेली तर सरासरी पावणेचौतीस येते, आणि खर्च वजा जाता पावणेतीस रुपये पडतात. माझ्या धरलेल्या आकड्यांवर दोन्ही पारडी ६८ किलोला समान होतात. १५ आणि चार हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, दिरांनी त्यांच्या जागी स्वतःचे घालावेत. पण भावापेक्षा स्वीकृतीचे प्रमाण महत्त्वाचे, ही गोष्ट आकडे बदलले तरी बदलत नाही. निर्यातदाराचा माणूस भाव सांगून गेला. शंभरातले किती घेणार, हे तो बोलला का, एवढे दिरांना विचारा.

कल्याणचे २८ हे हाती पडणारे आहेत की भाडे-हमाली कापण्याआधीचे, हेही पट्ट्या काढून पाहावे. त्या पाहताना आणखी एक गोष्ट तपासावी. राज्यात २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टीत ती कोणत्याही नावाने कापलेली दिसली, तर निर्यातीचा विचार करण्याआधी तो पैसा मागून घेणे अधिक सोपे आहे.

यानंतर औषधांचा प्रश्न येतो, आणि भेंडीच्या बाबतीत हाच सर्वांत नाजूक आहे. ज्या कीटकनाशकासाठी युरोपीय संघाने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते. शंभर टन भेंडीत एक ग्रॅम औषध, असे म्हटले की तिची कल्पना येते. भारतीय भेंडीतील औषधांचे अंश सापडल्यामुळे संघाने तिच्यावर वाढीव तपासणीही लावलेली आहे. द्राक्ष एकदाच काढायचे असते, त्यामुळे शेवटची फवारणी आणि काढणी यांत पुरेसे दिवस राखता येतात. भेंडी मात्र रोज किंवा दिवसाआड तोडावी लागते. ज्या औषधानंतर सात दिवस थांबायचे असते, ते फवारले तर सात दिवसांचे तोडे निर्यातीसाठी गेलेच म्हणायचे. तुडतुडे आणि पांढरी माशी मात्र कोणासाठी थांबत नाहीत. म्हणून निर्यातीचा प्लॉट वेगळा ठेवावा, चिकट सापळे आणि निंबोळी अर्क यांवर आधीपासून भर द्यावा, आणि प्रत्येक फवारणीची तारीख, औषध व मात्रा वहीत लिहावी. शेजाऱ्याच्या शेतातून वाऱ्यावर येणारी फवारणी हाही खरा धोका आहे, तेव्हा निवडलेला एकर बांधापासून आत असेल तर उत्तम. मी एक एकरच का म्हणतो, त्याचे हे एक कारण. सगळी अडीच एकर या शिस्तीत पहिल्याच वर्षी बसवणे कोणालाही अवघड आहे.

नियम मोडला गेला तर तोटा कोणाचा, हे महाराष्ट्राने द्राक्षांत अनुभवले आहे. २०१० साली युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. परदेशातल्या खरेदीदाराने निर्यातदाराचे पैसे रोखले, आणि त्याची झळ बागायतदारांपर्यंत आली. या धंद्यात तोटा नेहमी मागे मागे सरकतो आणि ज्याच्या हातात कागद नाही त्याच्यापाशी येऊन थांबतो. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटसारख्या प्रणालीत बागेची नोंदणी, औषधांच्या अंशांची तपासणी आणि माल कोणत्या बागेतला याचा मागोवा यांची घडी बसलेली होती, म्हणून द्राक्षबागायतदार त्यातून सावरले. महाग्रेप्ससारखी द्राक्षबागायतदारांची संस्था १९९१ पासून उभी होती, आणि पुढे मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने विलास शिंदे यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या कंपनीमार्फत थेट निर्यात करून दाखवली. द्राक्षात निर्यातीचे मोल शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचले, त्याचे मोठे श्रेय मी बागायतदारांच्या या एकत्र येण्याला देतो.

एकाच्या चुकीची किंमत सगळ्यांना कशी पडते, हे आपल्या वाशीच्या बाजाराने २०१४ मध्ये पाहिले. काही खेपांत फळमाशी आढळली म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा आणि त्याच्यासोबत अळू, कारले, पडवळ व वांगे यांची आयात थांबवली. ऐन हंगामात हापूसच्या पेट्या देशातल्या बाजारात परत वळल्या. आंब्यावरची बंदी २०१५ मध्ये उठली. कागदाचेही तसेच. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण (किडीविरुद्धची किरणप्रक्रिया) करून अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा कागदपत्रांतील त्रुटीवरून तिथे नाकारल्या गेल्या. परत आणण्याचा खर्च मालाच्या किमतीहून जड, त्यामुळे आंबा तिथेच नष्ट करावा लागला. फळात काही दोष होता म्हणून हे घडले नव्हते.

म्हणून करार. तो वकिली भाषेत असण्याची गरज नाही, दोन पानांचा मराठी कागद पुरेल. पण त्यात माल नाकारण्याचा अधिकार निर्यातदाराला फक्त त्याच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून भरण्याच्या जागी, आणि त्याच दिवशी असेल, हे स्पष्ट लिहिलेले हवे. एकदा वजन करून पावती दिली की पुढे लंडनला किंवा दुबईला काय झाले याचा दिरांच्या पैशांशी संबंध राहता कामा नये, अपवाद फक्त औषधांच्या अंशांचा. तिथेही नमुना दोघांसमोर घेतलेला असावा आणि प्रयोगशाळेच्या तपासणीचा खर्च कोणाचा, ते आधीच ठरलेले असावे. पैसे किती दिवसांत मिळणार, ही अट भावाइतकीच जपावी. १५ दिवसांहून अधिक उधारी मान्य करू नये. विमान रद्द झाले, मार्चमध्ये आवक वाढून कल्याणचा भाव १५ वर आला किंवा उलट ५० वर गेला, तर ४० चे काय होणार, हे दोन्ही बाजूंनी लिहून घ्यावे. इथे दिरांनाही एक सांगणे आहे. बाजार चढला म्हणून दोन दिवस माल कल्याणला वळवण्याचा मोह त्यांना होईल. निर्यातदाराने विमानात जागा धरलेली असते, त्यामुळे असा दगा एकदा झाला की पुढच्या वर्षी तो माणूस गावात येत नाही. मी बरीच वर्षे निर्यातीची कागदपत्रे पाहण्याच्या कामात होतो, आणि संबंध तुटल्याच्या ज्या हकिगती ऐकल्या त्यांतल्या निम्म्यांत तरी शब्द शेतकऱ्यानेच मोडला होता.

निर्यातदार आपल्या खर्चाने शेताची नोंदणी करून देतो म्हणाला, तरी दिरांनी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जाऊन ती स्वतःच्या नावावर, सातबारा दाखवून करून घ्यावी. भाजीपाल्यासाठी ग्रेपनेटसारखीच व्हेजनेट ही प्रणाली आहे. नोंदणी शेताची असली की उद्या हा निर्यातदार नको झाला तर दुसऱ्याकडे जाता येते. घासाघीस करताना यासारखे साधन नाही.

आता पुतण्याकडे वळू. त्याच्या उत्साहाला मी नावे ठेवणार नाही. ज्या वयात मुले शेती सोडतात त्या वयात तो तिच्यात पैसा घालायला सांगतो आहे. पण अडीच एकरांच्या भेंडीतून रोज जेमतेम काही क्विंटल माल निघणार. परदेशातल्या दुकानदाराला आठवड्याचे ठरावीक दिवस, हंगामभर, एकाच दर्जाचा माल लागतो आणि भेंडीसोबत मिरची, कारली, शेवग्याच्या शेंगाही लागतात. तेवढा माल गोळा करायचा म्हणजे तुम्हाला स्वतःच व्यापारी व्हावे लागेल. आखातात बराच माल विकून मग हिशेब देण्याच्या बोलीवर जातो. तिकडचा माणूस आठ दिवसांनी कळवतो की माल उतरला तेव्हा काळा पडला होता, भाव अर्धाच मिळाला. तुम्ही ऐरोलीत बसून ते खरे की खोटे कसे ठरवणार? पैसे बुडण्याविरुद्ध निर्यात पतहमी महामंडळाचा विमा मिळतो, पण खरेदीदाराने मालाच्या दर्जावरून वाद काढला तर तो वाद तुमच्या बाजूने निकाली निघेपर्यंत ते संरक्षण सहसा लागू होत नाही. आणि नाशवंत मालात वाद जवळजवळ नेहमी दर्जावरूनच निघतो. १५ लाख ही रक्कम दोन-चार खेपांत अशी जाऊ शकते, आणि निवृत्तीनंतर ती पुन्हा उभी राहणार नाही.

पुतण्याने या हंगामात पैसा नव्हे, वेळ घालावा. निर्यातीच्या एकराची वही त्याने ठेवावी, म्हणजे रोजचा तोडा, स्वीकारलेले किलो, बाद किलो, मिळालेला भाव आणि पैसे आल्याची तारीख. आठवड्यातून एकदा त्याने पहाटे वाशीच्या भाजीपाला मार्केटात यावे. आखाती देशांना जाणाऱ्या मालाची बरीच खरेदी याच बाजारात होते. कोणता गाळेवाला निर्यातदारांना माल देतो, ते कोणत्या आकाराला किती भाव देतात, हे दोन-तीन फेऱ्यांत कळते. एखाद्या दिवशी स्वतः निवडून, क्रेटमध्ये भरून पन्नास किलो तिथे पाठवून पाहावी. कल्याण आणि निर्यातदार यांच्यामधली ही तिसरी वाट कित्येकदा दोघांपेक्षा बरी पडते. पणन मंडळ निर्यातीचे प्रशिक्षण वर्गही घेते; त्याची फी तुम्ही भरलीत तर तो पैसा वाया जाणार नाही. शेजारचे आठ-दहा भेंडीवाले एकत्र आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शेतकरी उत्पादक कंपनी काढली, तर त्यातल्या भागभांडवलासाठी तुमच्याकडून लाखभर रुपये मागणे योग्य ठरेल, आणि तेव्हा वही पाहूनच द्यावेत.

तो आयात-निर्यात क्रमांक काढायचा म्हणेल, तर काढू द्या. विदेश व्यापार महासंचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करून ५०० रुपयांत तो मिळतो आणि पॅनवरच आधारलेला असतो. फक्त दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. ती केली नाही तर क्रमांक निष्क्रिय होतो.